सोवळ्यातलं सर्किट

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या शाखेकडे हल्ली फारसं कुणी फिरकत नाही, पोरांना कॉम्प्युटर पाहिजे. दुपारी तास संपले की प्रयोगशाळा माझी एकटीची. शेजारच्या विभागातले सर दारातून डोकावून विचारायचे, "मॅडम, अजून तेच करून राहिल्या का?" मी हो म्हणायचे. त्यांना उत्तर नकोच असायचं, ते पुढे चहाला जायचे.

"तेच" म्हणजे ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर. नाव भारदस्त, काम साधं. फोटोडायोडवर उजेड पडला की त्यातून करंट निघतो, पण इतका बारीक की साध्या मीटरच्या तो खिजगणतीतही नसतो. या सर्किटनं त्याचं मोजता येईल असं व्होल्टेज करून द्यायचं. मला पाण्याचा गढूळपणा मोजायचं यंत्र करायचं होतं. पाण्यातल्या कणांवरून उडालेला जरासा उजेड पकडायचा, म्हणून मी प्रचंड मोठा रेझिस्टर निवडला. सुरुवातीला सर्किटनं नुसता थयथयाट केला. रेझिस्टरला चिमुकला कपॅसिटर जोडल्यावर ते वठणीवर आलं. मग भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण आत शिरायला लागली. तिच्यासाठी पत्र्याचा डबा करून घेतला, सर्किट आत ठेवून झाकण लावलं, वर खोलीतले दिवेही घालवले.

डब्यात मिट्ट अंधार म्हणजे आउटपुट शून्याजवळ बसायला हवं. ते काही बसेना. हळूहळू वर चढत राहायचं. मी ओपॅम्प, म्हणजे करंट वाढवणारी मुख्य चिप, बदलला, डायोड बदलला, सोल्डरिंग नव्यानं केलं. प्रत्येक वेळी सगळं हातानं नीट दाबून बसवायचे, झाकण लावायचे आणि अंधारात स्क्रीनकडे बघत बसायचे. रेघ आपली वरच.

त्याच दिवसांत माझं दुसरं एक घोडं अडलेलं होतं. लातूरला आई एकटी राहते. वडील गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, नांदेडला ये म्हणून. मीही एकटीच, लग्न केलं नाही. संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरायचा मला मनापासून कंटाळा येतो. तिनं यावं असं मला वाटायचं ते तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त. तिचं मात्र एकच पालुपद, "तुझ्या फ्लॅटमधी माझं सोवळं राहायचं न्हाई."

आईचं सोवळं कडक. शाळेतून रडत घरी आले तरी ती दोन्ही हात मागे घ्यायची, "शिवू नको, आधी आंघोळ कर." स्वयंपाकाचं लुगडं ती स्वतः धुवायची आणि छताजवळ टांगलेल्या दांडीवर काठीनं वाळत घालायची, कुणाचा हात पोचू नये म्हणून. भांडी घासणाऱ्या मावशींना तर न्हाणीच्या पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती. मला त्याचा संताप यायचा, अजून येतो.

एका रविवारी लातूरला गेले होते. जेवण झाल्यावर आडवी पडले, तर वर ती दांडी. बघता बघता एकदम ताडकन उठून बसले. माझी बोटं! बोटांचा घाम, तेलकटपणा बोर्डावर राहत होता आणि त्या पातळ थरातून शेजारच्या पिनेवरचा करंट चोरवाटेनं आत झिरपत होता. जी जागा सगळ्यात नाजूक, तिला हात लागताच कामा नये. तिला बोर्डाचाही स्पर्श नको, ती वर अधांतरी हवी. मी आईला म्हणाले, "सापडलं!" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी मिळेल ती बस पकडून परत आले.

दुसऱ्या दिवशी बोर्ड अल्कोहोलनं धुतला, वाळवला. ओपॅम्पचा इनपुटचा पाय बोर्डात न घालता वर वाकवला आणि डायोड, रेझिस्टर हवेतल्या हवेत त्याला जोडले, सगळं चिमट्यानं. झाकण लावलं. रेघ खाली बसली आणि बसूनच राहिली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले, आणि हसू ऐकायला खोलीत कुणी नाही हे लक्षात आल्यावर गप्प झाले. सर डोकावले तेव्हा त्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि चहाला गेले.

त्या आठवड्यात मी सुताराला बोलावून फ्लॅटच्या मागच्या खोलीत छताजवळ दांडी बसवून घेतली. बांबूची काठीही आणली. आता आईला नाही म्हणायला जागाच नव्हती. फोनवर न सांगता थेट लातूरला गेले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "आई, दांडी बसवलीय. चल आता."

ती खाटेवर बसली होती. म्हणाली, "कशाला गं? हात कुठं वर जातो माझा आता? खांदा धरलाय लई दिवसांपासून."

मी वर बघितलं. दांडीवर काहीच नव्हतं. एका टोकाला कोळ्यानं जाळं केलं होतं.

"मग सोवळं?"

"सोडलं की. त्या रविवारी तू दांडीकडंच बघत हुतीस, मला वाटलं कळलं तुला. अन् कुणी शिवणारं असलं तर सोवळं. हितं कोण हाय शिवायला?"

मी म्हणाले, "मग येत का नाहीस माझ्याकडं?"

"तू दिवसभर कालिजात. तिथं बसून मी काय करू? भिंतीच बघायच्या ना? हितल्या भिंती वळखीच्या तरी हायत."

मी तिच्यापासून हातभर लांब उभी होते, लहानपणापासूनची सवय. केसांत धूळ, अंगाला बसमधला घाम. तिनं माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि तो हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

आंघोळ केलीस का, हे तिनं विचारलंच नाही.