चार नटांचं चाक

मी धंद्याने टर्नर. पेठला हायवेच्या कडेला एका लेथच्या दुकानात बावीस वर्षं उभा आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, ट्रॉलीच्या पिना, लोक जे मोडून आणतील ते मी परत घडवून देतो. माप चुकलेलं मला खपत नाही. केसाएवढा फरक राहिला तरी जॉब भंगाराच्या डब्यात टाकतो आणि नवा तुकडा लावतो. दुकानाचा मालक वैतागतो, "आरं राव, शेतात लावायचंय त्ये, देवघरात न्हाई." मी ऐकतो आणि सोडून देतो. आपला हा स्वभाव चांगलाच आहे, असं मला अगदी परवापरवापर्यंत वाटायचं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. मंचर ते महाळुंगे पडवळ या रस्त्यावर त्यांनी उभी हयात काळी-पिवळी जीप चालवली. रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी ते तिच्याभोवती एक फेरी मारायचे. वाकून प्रत्येक चाकाच्या नटांवरून बोटं फिरवायचे, तीही न बघता. नजर रस्त्यावर, कोण पॅसेंजर येतंय त्याच्यावर, आणि बोटं चाकावर. तोंडाने मोजणं चालू असायचं. पाच, पाच, पाच, चार. मग गाडीत बसायचे.

त्यातला चार माझ्यामुळे. आयटीआयला गेलो आणि पहिल्याच वर्षी मला हुशारी चढली. एका सकाळी पंक्चर चाक बदलताना आप्पांना म्हणालो, "तुमी व्हा बाजूला." पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं अंग टाकून मागच्या डाव्या चाकाचा नट आवळला. बोल्ट कट्कन मोडला आणि नट उडून गटारात गेला. गाडीत बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आप्पा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. "चारावर चालती गाडी," एवढंच म्हणाले. पुढे मी कितीदा म्हटलं असेल, नवा बोल्ट ठोकून देतो. "ऱ्हाऊ दे. काय अडलंय?" हे ठरलेलं उत्तर. मला वाटायचं, मला डिवचायलाच ठेवलाय तो तसा. रोज सकाळी 'चार' कानावर पडला की कान गरम व्हायचे.

गाडीचं वय संपलं तशी ती भंगारात गेली. त्यानंतर शुगरने आप्पांचे डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. आता ते पडवीत बाजेवर बसून असतात. रस्त्याने गाडी गेली की कुठली ते आवाजावरून सांगतात, पण तेही हल्ली मनाशीच. बोटं मात्र बाजेच्या कडेवरून सारखी फिरत असायची, काहीतरी शोधल्यासारखी. मला ते बघवायचं नाही. म्हणून ठरवलं, त्यांची जीप एकदा त्यांच्या हातात द्यायची. डोळे नसले तर नसू देत, बोटांनी ओळखतील.

नारायणगावच्या बाजारातून रिमोटवर चालणारी खेळण्यातली जीप आणली. खऱ्या गाडीचा दहावा हिस्सा, हातभर लांब. मोटर आणि बॅटरी काढून फेकली. प्लॅस्टिकची चाकं तर आधी फेकली, इतकी ती खोटी होती. दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मालकाकडून दुकानाची किल्ली घ्यायची आणि लेथवर बसायचं, असा क्रम लागला. ॲल्युमिनियमच्या दांड्यातून रिम काढल्या. जुन्या चपलांचे तळ एकावर एक चिकटवून, ते लेथवर गोल करून टायर केले आणि बारीक कानशीने त्यांची नक्षी कोरली. टपावरचं कॅरिअर सायकलच्या आऱ्यांचं. बायकोच्या जुन्या पर्सच्या रेक्झिनची सीट. ती म्हणायची, "म्हातारपनी भातुकली सुचली तुमाला." पण पर्स तिनेच काढून दिली होती.

नट सगळ्यात अवघड. ज्वारीच्या दाण्याच्या निम्मे. पितळेच्या तारेला सहा पैलू पाडून एकेक तासला आणि चारी चाकांवर पाच-पाच बसवले. होय, चारी चाकांवर. तेव्हा मनात काय होतं ते कबूल करतो. जे मी मोडलं ते मीच भरून देतोय, असं वाटत होतं. माझ्या हातून पुरी झालेली गाडी जाईल, याचा आनंद होता.

आप्पांनी ती मांडीवर घेतली. टप चाचपला, कॅरिअर चाचपलं, बॉनेटवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग बोटं चाकावर गेली. पाच. पाच. पाच. चौथ्या चाकावर बोट फिरलं, थांबलं, परत फिरलं.

"गाडी लई झकास झाली," ते म्हणाले, "पन ही आपली न्हाई."

"तो मोडका बोल्ट भरून काडलाय, आप्पा."

"कशाला भरला? तू पयल्यांदा गाडीला हात लावला, त्याची खून व्हती ती. म्हनून तर बदलला न्हाई कदी."

इतकी वर्षं ज्याच्यावर चिडलो, तो बोल्ट त्यांनी माझ्यासाठी जपला होता. डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसत नाही याचं त्या क्षणी बरं वाटलं.

पक्कड तिथेच खिडकीत पडली होती. एक नट उपटायचा होता. क्षणाचं काम. पण माझा स्वभाव आडवा आला. नट उपटला तर तिथे नुसतं भोक राहील. खऱ्या चाकात तर मोडक्या बोल्टाचा खुंट आत दिसायचा, एका बाजूने तिरका तुटलेला. द्यायची तर तशीच द्यायची. म्हणालो, "बरोबर करून आनतो," आणि गाडी परत पेठला दुकानात नेली.

मग कांद्याचा हंगाम आला, पंपांची कामं अंगावर आली. गुरुवारसुद्धा गिऱ्हाइकांच्या कामातच जाऊ लागला. सवड मिळाली तेव्हा चाक केलं, तर खुंट जाड झाला. टाकून दिलं. दुसरं केलं, त्याचा तिरकेपणा उलट्या बाजूला गेला. तेही टाकलं. बायको म्हणाली, "तशीच द्या की आनून. त्यांना काय माप घ्यायचंय व्हय?" मी तिच्यावर खेकसलो.

त्याच दिवसांत एकदा आप्पांनी चहाचा उकळता पेला हातात घट्ट धरून ठेवला. बोटांना फोड आले तरी त्यांना पत्ता नाही. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगरनं बोटांची जाणीव जात चालली आहे. मी मलम आणलं, बायकोच्या हातात दिलं आणि चाकाला रंग द्यायला बसलो. दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या आणि मला दिसल्या नाहीत. आंधळा नेमका कोण होता, हे आता मी स्वतःलाच विचारतो.

तिसरं चाक जमलं. खुंटासकट, तिरकेपणासकट. एका गुरुवारी सकाळी मी जीप आप्पांच्या मांडीवर ठेवली. ठेवताना तिचं तोंड उलट बाजूला राहिलं, त्यामुळे त्यांचा हात पहिल्यांदा मागच्या डाव्या चाकावरच गेला. त्याच चाकावर. बोट सावकाश फिरलं.

"पाच," आप्पा म्हणाले.

पुढच्या चाकावर पाच. त्याच्या पुढच्यावर पाच. शेवटच्या चाकावर त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली. तिथे पाचही नट जागच्या जागी होते.

"चार," ते म्हणाले. "हां. आता आपली झाली."

दारात उभ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी कसाबसा म्हणालो, "मोडका बोल्टबी ठेवलाय, आप्पा."

"कळतंय की," ते म्हणाले, आणि ज्या चाकाला बोल्ट मोडलेलाच नव्हता त्याच्यावर हात ठेवून बसून राहिले.

त्या दिवशी पक्कड हातात घेतली असती तर त्यांच्या बोटांना तो चार खरोखर लागला असता. मी त्यांना माप दिलं आणि वेळ दवडला. याला दुसरा कोणी जबाबदार नाही.

आता जीप बाजेखाली असते. रोज सकाळी मी कामावर निघताना आप्पा ती मागून घेतात आणि नट मोजतात. पाच, पाच, पाच, चार. चार रोज वेगळ्याच चाकावर येतो. मी चपला घालून दारात उभा राहून सगळं मोजून होईपर्यंत ऐकतो, आणि चूक दुरुस्त करत नाही.