बंद गिरणी सुरू करताना

थोरला भाऊ गेला आणि सुतकात आमची पिठाची गिरणी बंद राहिली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ बटण दाबलं. जातं फिरवणारा लोखंडी दांडा असा किंचाळला की घरातून वहिनी धावत आल्या.

"भावजी, बंद राहिली की हे आधी दांडा हातानं फिरवायचे," त्या म्हणाल्या. दादा गेल्यापासून त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगमध्ये तेल होतं, पण नुसतं असून भागत नाही. दांडा फिरू लागला की तो स्वतःच तेल आपल्याखाली ओढून घेतो आणि केसाहून पातळ अशा त्या थरावर तरंगत राहतो. थांबला की आपल्याच वजनानं खाली बसतो, तेल बाजूला सरतं आणि धातूला धातू टेकतो. मग खरी झीज होते ती पुन्हा निघताना; म्हणून आधी हातानं हळू फिरवून तेल खाली येऊ द्यायचं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

"चहा झाला का?" मी विचारलं.

रोज सकाळी गिरणीतून दादा हेच विचारायचा. वहिनींचा चेहरा पाहिला आणि कळलं, मी पुन्हा सरळ बटणच दाबलं होतं.