पेझारकरांचा नवस

पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या समोरच्या दारावर ‘जोसेफ पेझारकर, भारतीय नौदल (निवृत्त)’ अशी पाटी आहे. घरात माणूस एकच. बायको रिवका सहा वर्षांपूर्वी वारली, मुलगा यायर इस्रायलला असतो. दर रविवारी तो फोनवर विचारतो, “बाबा, कधी येताय?” आणि हे सांगतात, “नवस फेडला की लगेच.”

हा नवस म्हणजे डोक्याला ताप. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा जाफन्याजवळ यांच्या बोटीवर गोळीबार झाला. यांच्याबरोबरचा खलाशी, उरणचा गणू कोळी, जखमी होऊन पाण्यात पडला. पेझारकरांनी उडी मारून त्याला किनाऱ्याला आणलं, नौसेना पदक मिळवलं. “शौर्य कसलं डोंबलाचं? पाण्यात बोंबलत होतो, एलियाहू हन्नाबी, एवढा गणू वाचू दे, मलिदा करीन!” हे मी शंभरदा ऐकलंय.

बेने इस्रायलींचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचा, मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मांडलेलं ताट: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. प्रार्थनेला मात्र त्यांचे दहा पुरुष हवेत. तेव्हा पनवेलात एका हाकेला वीस जमायचे, म्हणून हे महाशय पुढे ढकलत राहिले. एकेक घर इस्रायलला निघून गेलं, तरी यांचं आपलं ‘करू की पुढच्या वर्षी’. गोळ्यांना न भ्यालेला माणूस इतका आळशी कसा, याचा मला अजून राग येतो.

यंदा कसेबसे दहा ठरले. सकाळी मी दोन नारळ खवून दिले. पेझारकर धरून नऊ जण जमले. दहावे करंजाड्याचे एलियास; त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला. दुपारपर्यंत सगळे ताटाभोवती नुसते बसून राहिले. इतकं वाईट वाटलं मला!

शेवटी उरणहून मुद्दाम आलेला गणू कोपऱ्यातून म्हणाला, “मी बसतो की दहावा. माज्याच जिवासाठी केलाय ना?”

त्यांच्यातले थोरले हळूच म्हणाले, “गणूभाऊ, रीत आहे. तुम्हाला दहात धरता येत नाही.”

मग एकेक जण चपला घालून गेला. गणूने ताट पुढे ओढलं, मूठभर पोहे उचलले.

“जोसप, मी खातो. मी जिता हाय का नाय? मग फिटला तुजा नवस. जा आता पोराकडं.”

पेझारकरांनी त्याचं मनगट धरलं. एवढा मोठा माणूस रडायला लागला.

“फिटला म्हणू नकोस रे. फिटला तर जावं लागेल मला. रिवका इथल्या मातीत आहे. तिथे कोण आहे माझं बोलायला? यायर दिवसभर कामावर.”

 गणूने मुठीतले पोहे परत ताटात सोडले.

“बरं,” तो म्हणाला, “नाय खात.”