सात सर्व्हर मोजले, गावांची नावं वाचली नाहीत

दूध संकलनाच्या आमच्या एकतीस केंद्रांवर प्रत्येकी एक छोटा सर्व्हर आहे. काटा आणि फॅट मोजायचं यंत्र त्याच्यावरच चालतं. सोलापुरातल्या ऑफिसात बसून मी ते सांभाळतो. केंद्रांचे गट केलेले आहेत. हुकूम देताना कोणते गट घ्यायचे आणि कोणते वगळायचे, ते एका ओळीत लिहायचं. त्या ओळीत बसतील तेवढ्याच सर्व्हरना हुकूम जातो.

एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या केंद्रांचे सर्व्हर दुपारी दोनला अद्ययावत करायचे होते. ते चालू असताना काटा बंद राहतो आणि त्यातली काही केंद्रं दुपारीच दूध घेतात, म्हणून ओळ लिहिली: ‘दक्षिण’ घ्या, ‘दुपार’ वगळा. या ओळीत नेहमी सात केंद्रं येतात. हुकूम सोडण्याआधी यादी काढून मोजायची माझी सवय आहे. मोजली. सात भरली. हुकूम सोडला.

दहा मिनिटांत कुंभारीच्या केंद्रचालकाचा फोन आला.

“साहेब, काटा बंद पडला की हितं.”

कुंभारीचं केंद्र नवं. आदल्या दिवशी मीच ते ‘दक्षिण’मध्ये घातलं होतं आणि ‘दुपार’मध्ये घालायचं विसरलो होतो. त्याच दिवशी नेहमीच्या सातांतलं, दुरुस्तीसाठी बंद झालेलं एक केंद्र ‘दक्षिण’मधून काढलं होतं. एक आलं, एक गेलं. बेरीज तीच राहिली.

“मी बंद केलाय, चुकून,” मी म्हणालो. “आता मधेच थांबवता येत नाही. वीस मिनिटं लागतील.”

“वीस मिनिटं दूध उन्हात थांबतंय व्हय? चौदा कॅन हायत. एक मावशी तर लांबच्या वस्तीवरनं चालत आलीया. तिचं दूध आधीच तापलंय.”

“ओली पोती टाका कॅनवर.”

“ती कवाच टाकली. तुमी मशीन बघा.”

यंत्र तेवीस मिनिटांनी सुरू झालं. तेरा कॅन घेतले. मावशींचं दूध तपासणीत नासलेलं निघालं, ते परत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी कुंभारीला गेलो. मावशी रांगेत होत्या. चूक माझी होती, यादी मोजूनही हुकूम चुकला, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“मोजून केलं म्हणं तुमी?”

“हो. सात होते.”

“शेरडं सोडताना आमी बी मोजतो. पर तोंडं बघून मोजतो. न्हायतर शेजाऱ्याचं एक आलं आन् आपलं एक राहिलं, तरी आकडा जुळतोय की.”

केंद्रचालक हसला.

“सरका बाजूला,” त्या म्हणाल्या. “माझा नंबर आलाय.”

कॅन काट्यावर चढला. नमुना यंत्रात गेला. पावती बाहेर येईपर्यंत मी तिथेच उभा होतो.