चाखणबाईंची जीभ

गव्हाच्या फ्लेक्सच्या कारखान्यात बाईंनी एकतीस वर्षं जिभेची नोकरी केली. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतला पहिला चमचा त्यांच्या तोंडात जायचा. त्यांनी मान डोलावली की माल पुढे, नाक मुरडलं की माल परत. सगळे त्यांना चाखणबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सकाळचा नाश्ता तोच. निळ्या डब्यातले फ्लेक्स, कोमट दूध, साखर नाही. जग मात्र पुढे गेलं. दुकानात निळा डबा आधी खालच्या फळीवर आला, मग कोपऱ्यात ढकलला गेला आणि त्याच्या जागी माकडांची चित्रं असलेली रंगीबेरंगी खोकी आली. नातवंडं ती मिटक्या मारत खायची. "रंग खाताय, रंग!" बाई करवादायच्या. एका नव्या कंपनीने तर पिवळ्या पिशवीत हुबेहूब निळ्या डब्यातल्यासारखेच फ्लेक्स काढले. बाईंनी ते एकदा कुणाच्या घरी चमचाभर खाल्ले आणि निकाल दिला, "पुठ्ठा." त्यानंतर घरात पिवळ्या पिशवीचं नाव काढायची सोय नव्हती.

आणि एका मंगळवारी चाळणी शोधताना बाईंना वरच्या कपाटात तीच पिवळी पिशवी सापडली. अर्धी रिकामी, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेली.

सूनबाई कामावरून आली, पर्स ठेवायच्या आत तिला जाब विचारला गेला.

"आई, रागावू नका," ती म्हणाली. "निळा डबा दुकानात येणंच बंद झालंय. चार महिने झाले. जुना डबा होता, त्यात हे भरत गेले. म्हटलं, तुम्हाला पहिल्याच घासाला कळेल, मग सांगू."

"मग?"

"कळलंच नाही ना तुम्हाला. उलट त्याच आठवड्यात म्हणालात, आता कसा पूर्वीसारखा माल यायला लागलाय."

बाईंना खरं तर संताप यायला हवा होता. तो काही आला नाही, डोक्यात नुसता गुंता झाला. गुडघे गेले, दात गेले, तशी जीभही गेली असेल, वयाचा दोष, असं म्हणून त्या पाहत होत्या. पण मन ऐकेना. ती आता गेली की मुळात कधी नव्हतीच? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर त्यामागोमाग भट्टीवाला आलाच.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक खेप बाईंनी तोंडात घातली आणि म्हणाल्या, "करपट आहे." साहेबाला काही करपट लागलं नाही, पण बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भट्टीवाल्याला भट्टीवरून काढून गोदामात पोती उचलायला घातलं. त्यात त्याची कंबर कायमची गेली. तो चकार शब्द बोलला नव्हता. आपण त्या माणसाचं वाटोळं केलं की काय, हे बाईंना कळायलाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पिवळी पिशवी घेऊन त्या त्याच्या घरी थडकल्या. अरुंद जिना, दुसरा मजला. त्याने कमरेचा पट्टा सावरत दार उघडलं, "बाई, तुम्ही?" म्हणत खुर्ची पुसली. मागच्या फळीवर निळा डबा!

"हा कुठून मिळवला तुम्ही?"

"कारखान्याच्या गेटवरच्या खिडकीत मिळतो अजून. महिन्यातून एकदा जाऊन आणतो. आपल्या हातचा माल, आपणच सोडला तर खाणार कोण?"

बाईंनी दोन वाट्या मागितल्या. एकीत डब्यातले घातले, दुसरीत पिशवीतले. दूध घालायला तो दोन्ही उचलून आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा कुठली वाटी कशाची हे दोघांनाही सांगता येईना. बाईंना वाटलं, बरंच झालं.

"खा, आणि फरक सांगा."

त्याने इमानदारीत दोन्हींतले दोन दोन चमचे चावून खाल्ले. "दोन्ही सारखेच की."

बाईंनी विचारलंच, "आणि ती तेव्हाची खेप? करपट होती का हो?"

त्याने चमचा खाली ठेवला. "मी मूठभर खाऊन पाहिली होती. मला नाही लागली करपट."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाला होतात ना. म्हटलं, आपल्याला काय कळतंय?" त्याने वाट्या त्यांच्यापुढे सरकवल्या. "तुम्हीच सांगा, यातला आपला कुठला?"

बाईंनी एकीतला चमचा घेतला. मग दुसरीतला. डोळे मिटून पुन्हा पहिलीतला. जिभेवर दूध होतं, गहू होता, आणि बाकी काही नव्हतं.

"मला नाही कळत हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तरी कळत होतं की नाही, तेही आता सांगता येत नाही. माझं चुकलं असेल तर..."

"असं नका म्हणू, बाई." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कळत होतं, एवढ्याच भरवशावर मी बारा वर्षं गप्प बसलोय."