फ्रिजच्या दिव्याला स्टूल लागत नाही

आमच्या घरात विजेची सगळी कामं बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लालबागच्या आमच्या चाळीत घरोघरी वायरिंग केलं, आणि चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा फ्लॅटचं वायरिंग बिल्डरच्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलं. मग एकदा ट्यूब बदलताना ते स्टुलावरून पडले. हाड मोडलं नाही, पण माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी स्टूल वॉचमनला देऊन टाकलं. पंखा, ट्यूब, माळ्यावरचा दिवा, सगळं एका दमात बंद. बाबांनी वाद घातला नाही. जमिनीवर उभं राहून हाताला येईल तेवढंच त्यांच्याकडे उरलं, आणि ते सगळं स्वयंपाकघरात होतं.

स्वयंपाकघर आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं.

बाबा दिवसभर ओट्यापाशी उभे राहू लागले. आवाज बदललाय म्हणून त्यांनी मिक्सर उघडला. तो परत जोडून होईपर्यंत आईंना वाटण शेजारणीकडून काढून आणावं लागलं, आणि कोणी कधी विचारलं नव्हतं तरी आमच्या माशाच्या तिखल्यात काय काय पडतं ते मजल्यावर सगळ्यांना कळलं. त्यानंतर आईंचं बाबांशी एकच वाक्य असे, "तुमी भायर बसा."

अशात फ्रिजमधला दिवा गेला. मी रविवारी घरातल्या कामांची यादी करते आणि प्रत्येक कामापुढे माणूस लिहिते. या कामापुढे मी बाबांना लिहिलं. फ्रिजच्या दिव्याला स्टूल लागत नाही, आणि मेकॅनिक येतो म्हणाला की अख्खी सुट्टी त्याची वाट बघण्यात जाते.

शनिवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गेलेला बल्ब काढून नमुना म्हणून रुमालात गुंडाळला आणि बसने लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले. तसला आट्यांचा छोटा बल्ब आमच्या गल्लीच्या तोंडावरही मिळतो.

दुपारी ते कामाला लागले. मी फ्रिज रिकामा करून डबे बाहेरच्या टेबलावर मांडत होते. मासे एकीकडे, दुधातुपाचं दुसरीकडे. नवरा सोफ्यावर होता. फ्रिजचं बटण खिडकीजवळच्या बोर्डावर आहे. तिथून बाबांनीच वायर ओढून फ्रिजशेजारी सॉकेट बसवलेलं. बटणापाशी आई उभ्या राहिल्या. एरवी त्या बाबांच्या कामात मदतीला येत नसत, म्हणून मला बरंच वाटलं.

बल्ब बसवून बाबा म्हणाले, "लाव बटण."

"लावलं."

दिवा लागला नाही. बाबांनी बल्ब काढला, होल्डरची पट्टी पॉलिश पेपरने घासली, पुन्हा बसवला. आटे चुकत होते.

"बाबा, शॉक बसला तर विम्याचे कागद कुठे ठेवलेत?" नवऱ्याने सोफ्यावरून विचारलं.

"त्येंका खय शॉक बसता," आई म्हणाल्या. "वीज पण माणूस बघून येता."

नवरा हसला. बाबाही थोडं हसले. मग त्यांनी प्लग काढून सॉकेटमध्ये टेस्टर घातला. खिडकीतून ऊन आत आलेलं, आणि मोतीबिंदूमुळे त्यांना टेस्टरचा लाल ठिपका दिसेना.

"बघ गो, पेटलो काय?"

आई पुढे आल्या, वाकल्या, नीट बघितलं. "पेटलो."

"नक्की?"

"माका दिसता मा."

म्हणजे वीज येत होती आणि दोष त्यांच्या हातात होता. बाबांनी प्लग परत लावला. बल्ब आणखी किती वेळा काढला-घातला, मी मोजलं नाही. टेबलावरची कोळंबी पाणी सोडायला लागली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, राहू दे, उद्या माणूस बोलावते."

"बोलाव," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. इस्त्रीच्या शर्टाला बगलेत घाम फुटला होता.

मी डबे परत आत ठेवायला घेतले. फ्रिजचा काहीच आवाज नव्हता. बोर्डाकडे पाहिलं. बटण बंद होतं. मी दाबलं, आणि फ्रिज आतून लख्ख झाला.

आई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आता भायर बसतील," त्या म्हणाल्या. "तू काय बोलू नको."

मी बाबांना हाक मारली. दिवा त्यांनी लावला होता, तो त्यांना दिसायला हवा होता.

बाबा आले. उघड्या फ्रिजसमोर उभे राहिले. दिव्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, मग आईंच्या पाठीकडे बघितलं. आयुष्यभर बिघाड शोधलेल्या माणसाला हा बिघाड सापडायला काय वेळ लागणार. मी बोलावलं नसतं तर गॅलरीत बसून स्वतःच्या हाताला दोष देऊन सुटले असते. तेवढीही सोय मी ठेवली नाही.

"माझ्यापेक्षा मिक्सर मोठो काय गो?" त्यांनी विचारलं.

"मिक्सर सांगलेला ऐकता," आई म्हणाल्या.

नवऱ्याला काय झालं तेच कळलं नव्हतं. "लागला ना? मग झालं," तो म्हणाला.

बाबा त्यानंतर स्वयंपाकघरात आले नाहीत. पाणी हवं असलं की दाराच्या चौकटीबाहेर थांबून फुलपात्र पुढे करतात. आई हातातलं काम पुरं करतात, हात धुतात, पदराला पुसतात आणि मग फुलपात्र घेतात. तोवर बाबा तसेच, हात पुढे करून.