मुद्देमालातल्या ट्रकला झेंडूचा हार

गंजलेल्या ट्रकला घातलेला तो झेंडूचा हार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी एखादी आठवण विचारली की मला ही चोरीच सांगावीशी वाटते. ती माझ्याच ठाण्याच्या आवारात झाली, तीही भरदिवसा, आणि चोराला चहा आम्हीच पाजला होता.

मी तेव्हा घाटंजीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्यामागे कडुलिंबाखाली जप्त वाहने उभी असत. त्यात सागवान तस्करीच्या गुन्ह्यातला एक जुना फोर व्हील ट्रक होता. अशा ट्रकमध्ये गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की त्याच्याखालचा शिफ्टर सरकतो, पुढची चाकेही जोर लावतात आणि गाडी चिखलातून वर येते. दिवाळीनंतर मालक निर्दोष सुटला. कोर्टाने ट्रक परत द्यायला सांगितला, तसा तो न्यायला आला. केबिनमध्ये चढला आणि लगेच खाली उतरला.

"साहेब, हा छोटा दांडा माहा नाही. माह्याले पितळी मूठ होती."

झाकण उघडून पाहिले तर आतला शिफ्टरही बदललेला. जागेवर तुटका, वेल्डिंग केलेला तुकडा बसवून दिला होता. मुद्देमाल सांभाळणारे आमचे हवालदार निवृत्तीला टेकले होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, इथली जबाबदारी माही होती." त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

तपास सुरू केला आणि लवकरच खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, तांड्यावरच्या म्हाताऱ्याचा ट्रक नाल्यातून चढून राह्यला. त्याचं फोर व्हील तर केव्हाचं मोडलं होतं. त्याच्या बायकोले हप्त्यातून दोनदा यवतमाळले डायलिसिसले न्या लागते. अँब्युलन्स नाल्याच्या अलीकडंच थांबते."

हा म्हातारा साऱ्या ठाण्याच्या ओळखीचा होता. पावसाळ्यात आमची जीप फसली की ओढायला त्याचाच ट्रक येई. श्रावणात आवारातले गवत काढायचे होते, तेव्हा जप्त वाहने सरकवायला मीच त्याला बोलावले होते. गियरमध्ये अडकलेली गाडी ओढता येत नाही, आधी मोकळी करावी लागते. म्हणून तो पाना-पक्कड घेऊन एकेका गाडीखाली शिरत होता. त्या ट्रकखाली तो बराच वेळ होता, आणि आमच्या शिपायाने चहा तिथेच नेऊन दिला होता.

मग मला दसरा आठवला. शस्त्रपूजन आटोपून मी मागे गेलो होतो, तर साऱ्या भंगारात त्या एकाच ट्रकला ताजा हार आणि कुंकू होते. एखाद्या शिपायाची भक्ती असेल, असे समजून मी सोडून दिले. म्हातारा त्या दिवशी मला सोने द्यायला आला होता. त्याने दिलेली आपट्याची पाने माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून होती. चोर मागे ठसे ठेवतो हे मला ठाऊक होते. हार ठेवून जाणारा चोर मला नवीन होता.

तांड्याकडे निघालो आणि नाल्याच्या रेतीत आमची जीप रुतली. आली का पंचाईत! तेवढ्यात मागून म्हाताऱ्याचाच ट्रक आला. त्याने काही न विचारता दोर बांधला आणि आम्हाला पलीकडे काढले. चोरीच्या मालाने पोलिसांनाच बाहेर ओढले, हे डायरीत कसे लिहायचे याचा मी विचार करत होतो.

मी केबिनमध्ये चढलो. शेजारी त्याची बायको बसली होती, हाताला पट्टी, चेहरा सुकलेला. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. छोट्या दांड्यावर आरसे लावलेली, रंगीत टाक्यांची छोटी पिशवी चढवलेली होती. मी ती काढली. खाली पितळ चमकले.

"बाबा, दसऱ्याले दुसऱ्याच्या ट्रकले हार कायले घातला?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

तो खोटे बोलला नाही. "नागपूर पाह्यलं, अकोला पाह्यलं. सारे म्हणत, हे मॉडेल बंद झालं, ट्रक मोडीत द्या. लेथवर शिफ्टर बनवला, तो पहिल्याच चढाले तुटला. हिले खाटेवर उचलून नेलं साहेब, वाटेत बेशुद्ध झाली. अन् तो ट्रक तुमच्याइथं नुसता उभा होता."

"अन् हार?"

"ज्याच्या भरवशावर आपलं चालते, त्याची दसऱ्याले पूजा करा लागते. माह्या ट्रकची केली, पण मन लागेना. जीव तर त्याचा घेतलता."

याडीला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती हळूच म्हणाली, "काढून दे साहेबाले. चोरीच्या गाडीत मी बसत नाही."

"मंग जाशील कशी?"

"नाही गेली तर नाही गेली."

म्हाताऱ्याने तोंड फिरवले. दांडा काढला तर ती किती दिवस जगेल, हे आम्हा तिघांनाही कळत होते.

मी दांडा काढला नाही. पंचांसमोर जागेवरच पंचनामा केला, ट्रक ठाण्यात आणवला आणि मालकाला ओळख पटवायला बोलावले. त्याने पितळी मूठ ओळखली. मग ती पिशवी हातात घेऊन म्हणाला, "हे कोणं शिवलं?"

"म्या," याडी म्हणाली. "उन्हात पितळ चटके देते यायच्या हाताले."

मालकाने पिशवी परत मुठीवर चढवली. "राहू द्या साहेब. माहा ट्रक तसाही मोडीत चालला."

माल कोर्टाच्या ताब्यातला होता, त्यामुळे गुन्हा काही आमच्या मायेने मिटणार नव्हता. मी दोषारोपपत्र पाठवले. मालकाने अर्ज दिला आणि कोर्टाने दांडा आणि शिफ्टर म्हाताऱ्याच्याच ट्रकमध्ये सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या लेखी हमीवर, राहू दिले. पुढे म्हाताऱ्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंतची. तो दिवसभर कोपऱ्यात हात जोडून बसला. बाहेर मालक याडीजवळ बसून होता. हवालदारांच्या निवृत्तीला डाग लागला नाही. मालकाचा तो मेलेला ट्रक भंगारात पोहोचवला तोही म्हाताऱ्यानेच, ओढून.

तोवर मी तपासात माणसाची लबाडीच शोधत आलो होतो. माणूस त्याच्या कृतज्ञतेवरूनही ओळखता येतो, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवले. पुढच्या प्रत्येक तपासात मी तेही पाहत गेलो.

पुढच्या दसऱ्याला शस्त्रपूजन आटोपून मी मागे गेलो. ट्रक उभा असायचा ती जागा मोकळी होती. तिथे मातीवर ताजा झेंडूचा हार ठेवलेला होता. मी त्यातले एक फूल उचलले आणि आमच्या जीपच्या दांड्याला अडकवले.

चालक म्हणाला, "साहेब, आपल्या जीपची पूजा तर सकाळीच झाली."

"हे याडीला जगवणाऱ्या त्या ट्रकचं आहे," मी म्हणालो. "राहू दे."